शिळेवरचा क्रूस कुणासाठी?

आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क परगण्यात टलीलीस नावाचे खेडे आहे. तिथल्या पडक्या चर्चमध्ये आठव्या शतकातली मानली जाणारी एक शिळा आहे. तिच्यावर मोठा क्रूस कोरला आहे आणि क्रूसाच्या अंगात काटकोनी वळणांच्या नक्षीचे जाळे भरले आहे. हे जाळे इतके नेमके आहे की कोरताना पाथरवटासमोर एखाद्या पोथीचे पान उघडे असावे असे वाटते. लिंडिसफार्नच्या मठातल्या प्रसिद्ध शुभवर्तमान-पोथीतल्या नक्षीपानाशी या शिळेचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. क्रूसाच्या बाजूला लॅटिन मजकूर आहे: जो कोणी हा लेख वाचील त्याने बेरेख्तुइनेसाठी प्रार्थना करावी. नाव मूळचे इंग्रजी, लिहिण्याची धाटणी आयरिश.

हा बेरेख्तुइने कोण, त्याचे थडगे नेमके कुठे, यातले काहीच शिळा सांगत नाही. तो वारला आहे एवढेसुद्धा ती म्हणत नाही. ती वाचणाऱ्याला फक्त एक काम सांगते. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर इंग्लंड आणि आईल ऑफ मॅन या प्रदेशांत पाचव्या ते बाराव्या शतकांमधल्या क्रूस कोरलेल्या शिळा हजारोंच्या घरात आहेत. गेली दोनशे वर्षे त्यांतल्या बहुतेकांना सरसकट थडग्यावरचा दगड म्हटले गेले. अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या अभ्यासाने त्या समजुतीला ठिकठिकाणी धक्के दिले. शिळा कुणाची, हा प्रश्न आधी विचारला गेला. ती कुठे उभी होती, आडवी होती की उभी, तिच्याकडे कोण पाहत होते, हे विचारायला फार उशीर झाला आणि तोवर बहुतेक शिळा जागच्या हलल्या होत्या. या विषयातल्या निम्म्या वादांचे मूळ या उशिरात आहे असे माझे मत आहे.

सुरुवातीला क्रूस नव्हताच, नाव होते. आयर्लंडात पाचव्या शतकाच्या आसपास दगडाच्या कडेवर रेघा पाडून लिहिण्याची ओघम लिपी वापरात होती. तिच्यातला मजकूर साधा असे, अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा. असे सुमारे चारशे दगड आयर्लंड आणि ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळाले आहेत आणि त्यांतले सर्वाधिक आयर्लंडच्या दक्षिणेला आहेत. त्याच काळात वेल्स आणि दक्षिण स्कॉटलंडात, रोमन सत्ता ओसरल्यानंतरही, 'इथे पहुडला आहे' अशा अर्थाचा लॅटिन मजकूर दगडावर कोरला जात होता. वेल्समधल्या पेनमाखनो इथल्या शिळेवर ख्रिस्ताच्या नावाच्या आद्याक्षरांचे चिन्ह आहे आणि खाली लिहिले आहे की करौशियस इथे दगडांच्या या राशीत पहुडला आहे. म्हणजे नवा धर्म, रोमन वळणाचे नाव, आणि दफन मात्र दगडांची रास रचून करण्याच्या जुन्या स्थानिक रीतीचे. एवढ्याशा मजकुरात तीन काळ एकत्र आलेले मला दुसरीकडे क्वचितच दिसतात.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य टोकाला कर्कमाड्रिन इथे एका शिळेवर वर्तुळात तेच आद्याक्षरचिन्ह आहे आणि खाली विवेन्तियुस आणि मावोरियुस या पवित्र, प्रमुख धर्मगुरूंची नावे आहेत. वेल्सच्या अँगलसी बेटावर लानगाडवालाडर इथल्या चर्चच्या भिंतीत बसवलेली शिळा राजा कॅडवनची. तो इसवी सन ६२५ च्या सुमारास वारला. शिळा त्याला सर्व राजांमध्ये अत्यंत ज्ञानी आणि अत्यंत कीर्तिमान म्हणते. इथे क्रूस आहे, पण तो मजकुराच्या आरंभीची खूण म्हणून, लहानसा. पुढच्या दोन शतकांत हे प्रमाण उलटे झाले. क्रूस वाढत वाढत शिळाभर पसरला, अक्षरे कडेला सरकली आणि असंख्य शिळांवरून ती नाहीशीच झाली.

हा बदल का झाला, याबद्दल चार्ल्स टॉमस यांच्या १९७१ मधल्या उत्तर ब्रिटनच्या आद्य ख्रिस्ती पुरातत्त्वावरच्या पुस्तकाने विचाराला दिशा दिली. दफनभूमी आधी साधी असते, मग तिच्यात एखाद्या पूज्य व्यक्तीचे थडगे येते, त्याभोवती कुंपण, चर्च, वस्ती वाढते आणि त्या वाढीबरोबर शिळांची रूपेही बदलतात, अशी त्यांची मांडणी होती. तिच्यातले टप्पे आज कुणी जसेच्या तसे मानत नाही. पण शिळेला एकटी न पाहता दफनभूमीच्या आयुष्यात बसवून पाहायचे, ही त्यांची शिकवण टिकली.

या काळातला लेखी पुरावा तुटपुंजा आहे, पण एक उल्लेख फार मोलाचा आहे. आयोना बेटावरच्या मठाची स्थापना संत कोलुंबाने ५६३ मध्ये केली आणि तो ५९७ मध्ये वारला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच मठाचा प्रमुख अ‍ॅडोमनान याने त्याचे चरित्र लिहिले. त्यात तो सांगतो की संत उघड्या खडकावर निजत असे, दगडाची उशी घेत असे, आणि ती उशी आजही त्याच्या थडग्याजवळ स्मारकाच्या जागी उभी आहे. अ‍ॅडोमनानने हा दगड स्वतः रोज पाहिला असणार. कोरीव काम, नाव किंवा तारीख यांपैकी काहीही तो नोंदवत नाही. दगड एका माणसाच्या अंगाला लागलेला होता, एवढ्याने तो स्मारक ठरला. पुढे याच बेटावर शंभराहून अधिक क्रूसांकित शिळा घडल्या. त्यांतल्या एका जुन्या शिळेवर 'एखोदीचा दगड' एवढाच मजकूर आहे. क्रूस किती सुबक यावरून शिळेचे महत्त्व ठरवणाऱ्यांनी अ‍ॅडोमनानचे ते वाक्य अधूनमधून वाचावे.

क्लॉनमॅकनॉइजकडे आता वळतो, कारण या विषयाचे सर्वांत मोठे भांडार तिथे आहे. आयर्लंडच्या मध्यभागी, शॅनन नदीच्या काठी, सहाव्या शतकाच्या मध्यावर संत किअरानने हा मठ वसवला. नदीचा मार्ग आणि पूर्व-पश्चिम जाणारी जुनी वाट इथे एकमेकींना छेदतात, त्यामुळे मठ झपाट्याने वाढला. राजांनी त्याला देणग्या दिल्या आणि आपली दफने इथे व्हावीत अशी इच्छा धरली. आठव्या ते बाराव्या शतकांतल्या सहाशेहून अधिक शिळा आणि शिळांचे तुकडे तिथे मिळाले आहेत. पश्चिम युरोपात अशा शिळांचा इतका मोठा साठा दुसरीकडे नाही.

बहुतेक शिळा वालुकाश्माच्या आहेत. कडा फारशा घडवलेल्या नाहीत, थराथराने सुटलेली लादी साधारण सपाट करून तिच्या मधोमध क्रूस. क्रूसाची वर्तुळे काटेकोर आहेत, कर्कटासारखे साधन वापरल्याखेरीज ती तशी येत नाहीत. टोकदार टाकीने आधी ठोकत ठोकत रेघ पाडायची, मग ती घासून गुळगुळीत करायची, असे काम दिसते. सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे मध्ये वर्तुळ आणि चारही टोकांना अर्धवर्तुळे असलेला क्रूस. वर्तुळात कधी चक्री नक्षी, कधी गुंफलेल्या दोऱ्यांची. क्रूसाच्या उभ्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना किंवा वरच्या अंगाला आयरिश भाषेत दोन-तीन शब्द: 'ओर दो', आणि पुढे नाव. अमक्यासाठी प्रार्थना. एवढेच. जन्म नाही, मृत्यू नाही, पद क्वचित. एका शिळेवर 'थुअथल सेअर' असे आहे, म्हणजे थुअथल कारागीर. ज्या मठात राजे आणि मठाधिपती पुरले गेले तिथे एका कारागिराच्या नावाने प्रार्थना मागितली गेली, याचा मला फार आनंद वाटतो. शिळा घडवणाऱ्यांच्या कामाला त्या समाजात मान होता, याचा इतका सरळ पुरावा सहसा हाती लागत नाही.

या शिळांचे पहिले मोठे चित्रण जॉर्ज पेट्री यांनी एकोणिसाव्या शतकात केले. त्यांच्या मृत्यूनंतर मार्गारेट स्टोक्स यांनी ती चित्रे संपादित करून १८७२ ते १८७८ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध केली. मॅकॅलिस्टर यांनी १९०९ मध्ये क्लॉनमॅकनॉइजच्या शिळांवर स्वतंत्र पुस्तक केले. पाड्रिग लिओनार्ड यांनी १९६१ मध्ये आयर्लंडभरच्या शिळांचे क्रूसाच्या आकारावरून वर्गीकरण केले. पेट्रींची रेखाटने आज अमूल्य आहेत, कारण त्यांनी पाहिलेल्या काही शिळा नंतर फुटल्या किंवा हरवल्या.

पण कालनिश्चितीची त्यांची वाट धोक्याची होती. शिळेवरचे नाव घ्यायचे, मठांच्या बखरींत त्या नावाचा माणूस शोधायचा, त्याच्या मृत्यूचे वर्ष शिळेला लावायचे. मग त्या शिळेवरच्या क्रूसाच्या आकाराला तेच शतक द्यायचे आणि तसाच आकार असलेल्या बाकीच्या शिळाही त्या शतकात ढकलायच्या. एखाद्या नावाचे दोन-तीन दावेदार निघाले की क्रूसाच्या आकारावरून निवाडा. हे चक्र स्वतःभोवतीच फिरते. कोलमान हे नाव त्या काळी इतके प्रचलित होते की नुसत्या कोलमानवरून कुणाचीही ओळख पटणे अवघड आहे. याउलट सुइब्ने, मेलउमाचा मुलगा, या नावाची शिळा भक्कम मानली जाते, कारण तिच्यावर बापाचे नाव आहे आणि अँग्लो-सॅक्सन बखरीत ८९१ सालच्या नोंदीत आयरिशांमधला सर्वश्रेष्ठ आचार्य सुइब्ने वारल्याचा उल्लेख आहे. समुद्रापलीकडच्या बखरकाराने दखल घ्यावी असा हा विद्वान. अशी खात्रीची उदाहरणे मोजकी आहेत. त्या मोजक्या खुंट्यांवर शेकडो शिळांचा कालक्रम टांगला गेला.

यापेक्षा मोठा प्रश्न 'ओर दो' या शब्दांचाच आहे. क्लॉनमॅकनॉइजमध्येच शास्त्रवचनांचा क्रूस म्हणून ओळखला जाणारा उंच, चहूबाजूंनी कोरलेला क्रूस आहे. त्याच्या पायथ्याच्या लेखात राजा फ्लान याच्यासाठी आणि क्रूस उभारणाऱ्या कोलमानसाठी प्रार्थना मागितली आहे. फ्लान ८७९ ते ९१६ या काळात राज्य करत होता आणि क्रूस त्याच्या हयातीत उभारला गेला. म्हणजे 'अमक्यासाठी प्रार्थना' हे जिवंत दात्यासाठीही लिहिले जात होते. मग नुसते 'ओर दो' आणि नाव असलेली शिळा थडग्यावरचीच, असे ठामपणे कसे म्हणायचे? कॅथरीन स्विफ्ट यांनी १९९९ आणि २००३ मधल्या लेखांत याच दिशेने प्रश्न उभे केले: शिळा कोण घडवून घेत होते, त्यांचे आणि पाथरवटांचे नाते काय, शिळेच्या बदल्यात मठाला काय मिळत होते. एखाद्या घराण्याने दान द्यावे आणि त्या दानाच्या मोबदल्यात नाव प्रार्थनेत राहावे म्हणून शिळा बसवली जावी, हे सहज शक्य आहे.

मला वाटते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सगळ्या शिळांना एकच उत्तर लावण्याचा हट्ट सोडायला हवा. काही शिळा निश्चित थडग्यांवरच्या आहेत. डर्ग सरोवरातल्या इनिस केल्ट्रा बेटावर एका शिळेवर 'दहा जणांचे थडगे' असा स्पष्ट उल्लेख आहे आणि तिथल्या संतांच्या दफनभूमीत अनेक लाद्या आजही जमिनीवर आडव्या पसरलेल्या दिसतात. आरन बेटांतल्या इनिश मोरवरची एक शिळा 'सात रोमन' एवढेच सांगते. ते यात्रेकरू होते, भिक्षू होते की रोमच्या धर्माचाराला मानणारे आयरिशच होते, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. इथे नाव नाही, संख्या आहे. सात जणांचा सामुदायिक विसावा, आणि वाचणाऱ्याला त्यांची ओळख आधीच असणार हे गृहीत.

आणखी एक हिशेब करून पाहावा. क्लॉनमॅकनॉइजच्या सहाशे शिळा चारशे वर्षांवर पसरल्या तर वर्षाला एक-दोन शिळा पडतात. नष्ट झालेल्या कितीतरी पट धरल्या तरी त्या मठात आणि आसपास मरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला कोरीव दगड आला नाही. त्यांच्या थडग्यावर लाकूड असेल, अनघड धोंडा असेल, काहीच नसेल. आपण पाहतो ती निवडक माणसांची स्मृती आहे, आणि नावे बहुतेक पुरुषांची आहेत.

म्हणूनच इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. तिथे १८३३ मध्ये घराचा पाया खणताना सांगाडे मिळाले आणि त्यांच्याबरोबर लहान चपटे दगड, वीत-दीड वीत लांबीचे. त्यांच्यावर क्रूस आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत वाटून लिहिलेली नावे होती, काही रोमन अक्षरांत, काही रून लिपीत. हिल्डिथ्रिथ, हिल्डिगिथ, बेर्ख्तगिथ ही नावे स्त्रियांची आहेत. हार्टलपूलचा मठ स्त्री-पुरुष दोघांचा होता आणि पुढे व्हिट्बीची मठाधिपती म्हणून गाजलेली संत हिल्ड आधी इथे प्रमुख होती. एका दगडावर वेरमुंड आणि टोर्ख्तसुइथ यांच्यासाठी, एका पुरुषासाठी आणि एका स्त्रीसाठी, एकत्र प्रार्थना मागितली आहे.

सापडले तेव्हाच्या वर्णनांत सांगाड्यांची डोकी चपट्या दगडांवर टेकलेली होती असे आले, त्यावरून 'उशीचे दगड' हे नाव पडले. मात्र नावे कोरलेले दगड नेमके कोणत्या सांगाड्याच्या कुठे होते, याची नीट नोंद झाली नाही आणि दगड हातोहाती वेगवेगळ्या संग्रहांत गेले. ते जर खरोखर मातीखाली पुरले असतील तर नाव वाचणारा जिवंत माणूस कुणीच नव्हता. मग प्रार्थना कुणाकडे मागितली? अंतिम दिवशी मृतांना उठवणाऱ्या देवाकडे, आपापल्या नावाने ओळख पटावी म्हणून? ख्रिस्टीन मॅडर्न यांनी २०१३ मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या नामशिळांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच मृतांना उठवण्याचा उल्लेख आहे. मला या मांडणीत खूप ताकद वाटते. पण दगड जमिनीवर होते की खाली, हे १८३३ च्या त्या खड्ड्यात एका माणसाने कागदावर आकृती काढून ठेवली असती तर आज वादाचा विषय राहिला नसता.

याच किनाऱ्यावर उत्तरेला लिंडिसफार्न आहे. तिथल्या नवव्या शतकातल्या एका शिळेने लोकांचे लक्ष फार वेधून घेतले. माथा गोल, उंची बेताची. एका बाजूला सात माणसे ओळीने, काहींच्या हातात उगारलेली शस्त्रे. दुसऱ्या बाजूला क्रूस, त्याच्या वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, क्रूसाकडे येणारे हात आणि खाली वाकलेली दोन माणसे. लिंडिसफार्नवर ७९३ मध्ये व्हायकिंगांचा पहिला गाजलेला हल्ला झाला, म्हणून शस्त्रधारी म्हणजे तेच लुटारू, असा लोकप्रिय अर्थ रूढ झाला. दुसरे वाचन असे की हा जगाच्या अंताचा प्रसंग आहे: आधी युद्धे, मग सूर्यचंद्रांचे तेज जाणे आणि आकाशात क्रूस प्रकटणे. हे दुसरे वाचन शिळेच्या दोन्ही बाजू जोडते, पहिले फक्त एकीचा अर्थ लावते. त्यामुळे माझा कौल दुसऱ्याला.

मराठी वाचकाला इथे वीरगळ आठवल्याखेरीज राहणार नाही. खालच्या चौकटीत लढाई, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. आपल्याकडची ही रचना आणि लिंडिसफार्नची शिळा यांच्यात कसलाही संबंध नाही, आणि चिन्हांचे अर्थ जवळपास उलटे आहेत. वीरगळावरचे सूर्य-चंद्र जोवर आकाशात आहेत तोवर कीर्ती टिको असे म्हणतात. तिथले सूर्य-चंद्र बहुधा विझण्याच्या वाटेवर आहेत. साम्य आहे ते अभ्यासाच्या अडचणीत. बोरिवलीच्या एकसरमध्ये गलबतांची लढाई दाखवणारे वीरगळ आहेत, पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षर नाही. नाव नसलेला दगड त्याच्या जागेवरूनच बोलतो: कोणत्या वाटेवर, कोणत्या वेशीत, कोणत्या देवळासमोर.

क्रूसांच्या आकारावरून काळ ठरवण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्येही झाला. स्कॉटलंडच्या शिळांचे अ‍ॅलन आणि अँडरसन यांनी १९०३ मध्ये तीन वर्ग केले. वेल्ससाठी नॅश-विल्यम्स यांनी १९५० मध्ये चार गट ठरवले आणि साध्या क्रूसाच्या शिळा सातव्या ते नवव्या शतकांत बसवल्या. नॅन्सी एडवर्ड्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ ते २०१३ या काळात वेल्सची नवी तीन खंडांची सूची केली, तेव्हा ही चौकट बरीच सैल करावी लागली. साधा क्रूस कुणीही, कधीही कोरू शकतो. आयर्लंडात बॅलीव्हर्नी इथे संत गॉबनाटच्या स्थानी फेरी घालणारे भाविक आजही खड्याने दगडावरचा क्रूस गिरवतात. पिढ्यानपिढ्या खोल होत गेलेल्या त्या रेघेला एक शतक कसे द्यायचे? साध्या क्रूसाच्या शिळेला केवळ आकारावरून तारीख देणे आता थांबवायला हवे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. संग्रहालयांतल्या पाट्यांवर आजही अशा तारखा आहेत.

मग तारीख कशावरून? जमिनीतून. स्कॉटलंडच्या ईशान्येला पोर्टमाहोमॅक इथे मार्टिन कार्व्हर यांनी १९९४ ते २००७ या काळात उत्खनन केले. पिक्ट लोकांचा मठ तिथे होता. इसवी सन ८०० च्या सुमारास तो जळाला आणि त्या आगीशी जोडलेल्या थरांत कोरीव शिळांचे फोडलेले तुकडे मिळाले. तुकडे आगीच्या थरात आहेत, म्हणजे कोरीव काम त्याआधीचे. शैलीवरून शंभर पाने लिहून जी खात्री मिळत नाही ती या एका थराने दिली. इंग्लंडच्या शिळांची समग्र सूची रोझमरी क्रॅम्प यांनी डरम विद्यापीठात सुरू केली आणि तिचा पहिला खंड १९८४ मध्ये आला. तिच्यात प्रत्येक शिळेचा दगड, माप, झीज, सापडल्याची जागा आणि आधीचे सगळे उल्लेख शिस्तीने दिलेले असतात. या सूचीचे खंड वाचायला रुक्ष वाटतील, पण या विषयातले सर्वांत टिकाऊ काम तेच आहे.

शिळांचे नंतरचे आयुष्य हाही आता अभ्यासाचा भाग झाला आहे, आणि ते योग्यच झाले. कर्कमाड्रिनच्या शिळा फाटकाचे खांब झाल्या होत्या. क्लॉनमॅकनॉइजमध्ये विसाव्या शतकापर्यंत दफने होत राहिली, प्रत्येक नव्या खड्ड्याबरोबर जुन्या लाद्या उखडल्या, फुटल्या, दुसऱ्याच थडग्यावर गेल्या. आज त्या छपराखाली सुरक्षित आहेत, मूळ जागा मात्र गेल्या. हिल्टन ऑफ कॅडबॉल इथली आठव्या-नवव्या शतकांच्या संधीकाळातली अप्रतिम शिळा १६७६ मध्ये एका गृहस्थाने स्वतःसाठी आणि आपल्या तीन बायकांसाठी स्मारक म्हणून घेतली. त्यासाठी क्रूसाची अख्खी बाजू तासून टाकली. ते तासलेले हजारो कण २००१ च्या उत्खननात शिळेच्या खालच्या भागासह मिळाले. ग्लासगोच्या गोव्हनमध्ये शेजारचा जहाजबांधणीचा कारखाना १९७०च्या दशकात पाडला गेला, तेव्हा काही शिळा नष्ट झाल्या असे सर्वांनी धरून टाकले होते. २०१९ मध्ये स्थानिक लोकांच्या सहभागाने झालेल्या उत्खननात त्यांतल्या तीन हाती आल्या, आणि पहिली सापडली ती एका शाळकरी मुलाला.

आपल्या किनाऱ्याचाही या काळाशी एक धागा आहे. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीतल्या लेखाचा कोरीव क्रूस मिळाला. तसेच क्रूस केरळात कोट्टयम, कडमट्टम, मुट्टुचिरा इथे आहेत. २००१ मध्ये गोव्यात आगशीजवळ पिलारचे फादर कोझ्मे कॉस्ता यांना असाच एक पहलवी लेखाचा क्रूस मिळाला, त्यावर पोर्तुगीज मजकूरही आहे. लिपीच्या वळणावरून यांतले जुने क्रूस साधारण क्लॉनमॅकनॉइजच्याच काळातले मानले जातात. विंकवर्थ यांच्या १९३० मधल्या वाचनानुसार लेखात ख्रिस्ताने अफ्रास नावाच्या माणसावर दया करावी अशी विनंती आहे, आणि हा अफ्रास क्रूस कोरणारा आहे. हे वाचन सर्वमान्य नाही. थडग्यांशी या क्रूसांचा संबंधही सिद्ध झालेला नाही, त्यामुळे त्यांना या यादीत घुसडणे चुकीचे ठरेल. तरीही दगडावर क्रूस, त्याच्याभोवती लेख, लेखात एका माणसाचे नाव आणि त्याच्यासाठी याचना, ही रीत अरबी समुद्राच्या काठीही होती, एवढे मान्य करावेच लागते. गोव्याच्या क्रूसावर मराठीत सविस्तर अभ्यास व्हायला हवा.

आयर्लंड-ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी क्लॉनमॅकनॉइज, गोव्हन, लिंडिसफार्न ही ठिकाणे सवड काढून पाहावीत, आणि पाहताना काचेमागच्या शिळेपेक्षा तिच्या मूळ जागेकडे थोडा जास्त वेळ जावा. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना त्याहून जवळचे काम आहे. गावाच्या वेशीवर, पाराखाली, बारवेच्या कडेला वीरगळ आणि सतीशिळा पडलेल्या असतात. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की त्या हलवल्या जातात, त्यांना ऑइलपेंट फासला जातो, सिमेंटमध्ये त्या ओळीने बसवल्या जातात. हलवण्याआधी शिळेचा जागेवरचा फोटो काढा, मोबाइलवरून त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपा, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि आजूबाजूला काय आहे ते लिहा, उंची-रुंदी मोजा आणि ही नोंद ग्रामपंचायतीत आणि पुरातत्त्व खात्याकडे द्या.